काहीच न करण्याची इन्स्ट्रक्शन

परवाच्या शनिवारी सरळगावजवळच्या एका शाळेत गेलो होतो. (शहापूरहून किन्हवलीमार्गे मुरबाडला जाताना लागतं ते सरळगाव.) कुणीतरी भेट दिलेले चार पेंटियम-४ तिथे पडून होते. माझ्या खिशात डेबियन १३ चा पेनड्राइव्ह. पहिलंच मशीन म्हणालं, ६४ बिट प्रोसेसर आणा! ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या या आवृत्तीत ३२ बिट पीसीसाठी ना इन्स्टॉलर, ना कर्नल.

"पण सर, मशीन तर चालू आहे ना?" गुरुजी म्हणाले. होतं की! पंखा जोरात फिरत होता. मुकाट्यानं डेबियन १२ टाकलं.

परतताना खैराट आठवलं. मुरबाडला लागून असलेल्या कर्जत तालुक्यातला हा धनगरवाडा. 'वन लॅपटॉप पर चाइल्ड'चा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये इथल्याच एकशिक्षकी शाळेत झाला. त्या हिरव्या-पांढऱ्या एक्सओ लॅपटॉपमध्ये एएमडीचा गिओड प्रोसेसर होता, ४३३ मेगाहर्ट्‌झचा, २५६ एमबी रॅम, आणि वर फेडोरावर बेतलेलं लिनक्स. पुढे फेडोरानं २०१९ मध्ये ३२ बिटला रामराम ठोकला. डेबियन १२ नं २०२३ मध्ये गिओडलाच वगळलं, कारण त्याला 'लाँग नोप' ही इन्स्ट्रक्शन येत नाही. नोप म्हणजे काहीच करू नका! कंपायलर सुरक्षेसाठी ज्या खुणा पेरतो त्या जुन्या प्रोसेसरला नोपसारख्या दिसतात, तो पुढे जातो. गिओड मात्र तिथेच अडतो. काहीच न करता येत नाही म्हणून बाद होणं, हा प्रकार आमच्या ऑफिसात तरी घडणार नाही.

अर्थात कर्नलवाल्यांची बाजूही मला कळते. लिनसनं १९९१ मध्ये लिनक्स लिहिलं ते ३८६ वर. डिसेंबर २०१२ मध्ये कर्नलमधून ३८६ च काढून टाकला! कर्नल मोडमध्ये हा प्रोसेसर 'फक्त वाचा' असं बजावलेल्या पानावरही खुशाल लिहायचा. ४८६ पासून ती खोड गेली, पण एका ३८६ साठी वेगळा कोड वर्षानुवर्षं सांभाळावा लागत होता. असला कोड मीही सांभाळलाय. काढताना आनंदच होतो.

पण मग मोटोरोला ६८०००च्या घराण्यातले प्रोसेसर कर्नलमध्ये अजून कसे? ते तर गिओडहून कितीतरी जुने! त्यांच्यामागे पॅच तपासणारे, जुन्या अमिगावर कर्नल चालवून बघणारे हौशी लोक आहेत. हार्डवेअर वयामुळे जात नाही, वाली नसल्यामुळे जातं. खैराटच्या पोरांनी पॅच कुठून पाठवायचे? आणि पेंटियम-४ देणाऱ्यानं तरी नंतर कधी चौकशी केली?

असो. चारही मशीनवर मार्करनं 'डेबियन १२' लिहून आलोय, नाहीतर पुढचा उत्साही माणूस नवा पेनड्राइव्ह लावायचा. गुरुजींनी नंबर घेतलाय.