अंधारात चालेल तेच खरे

या मालिकेत आपण बहुतेक वेळा लढाया आणि शस्त्रे यांविषयी बोलतो. आज बोलायचे आहे ते जखमी माणसाला उचलून नेणाऱ्या साध्या वस्तूंविषयी.

निमित्त घरचेच आहे. माझी थोरली बहीण दिल्लीत करोल बागेत राहते. घर तिसऱ्या मजल्यावर, जिना अरुंद. गेल्या हिवाळ्यात दाजी न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचे हाड मोडले. अॅम्ब्युलन्सवाल्यांनी आणलेले चाकांचे स्ट्रेचर पहिल्याच वळणावर अडकले. शेवटी चौघांनी दाजींना चादरीत घालून खाली आणले. पायरीगणिक ते कण्हत होते.

रुग्णालयात पुढचा प्रकार. स्ट्रेचरची सलाइनची दांडी वर ओढली की आपोआप खाली घसरे, कारण तिला धरून ठेवणारा स्क्रू झिजलेला होता. एका हातात दांडी, दुसऱ्या हातात स्क्रू. मग बाटली कोणी धरायची? ती ताईने धरली. एक्स-रेपर्यंत हात उंच करून ती स्ट्रेचरबरोबर चालत होती. वय चौऱ्याहत्तर. वाटेत हात खाली आला आणि नळीत रक्त उलटे चढले. फौजेत मी वर्षानुवर्षे सामानाची तपासणी केली, पण त्या दिवशी नुसता बघत राहिलो.

घरी येऊन जुनी पुस्तके काढली. म्हटले, हा प्रश्न काय आजचा आहे?

आपल्याकडे जखमींना नेण्याचे जुने साधन म्हणजे डोली. एकाच बांबूला टांगलेली, वर आडोसा असलेली. इंग्रजांच्या हिंदी फौजेनेही तीच उचलली. जखमीला उन्हापावसापासून आसरा मिळे, पण एका डोलीमागे आलटून पालटून खांदा द्यायला सहा-सहा माणसे लागत. एक किस्सा सांगतात: डोलीवाल्यांनी जखमींना उचलून नेले, असे विलायतेत कळले, तेव्हा तिथल्या कोणाला वाटले की ‘डोली’ ही डोंगरातली एखादी क्रूर टोळीच असावी! खरे-खोटे देव जाणे, पण ओझे वाहणारा माणूस कागदावर कसा हरवतो, ते यात दिसते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये सेंट जॉन अॅम्ब्युलन्सचे जॉन फर्ली यांच्या नावाचे घडीचे स्ट्रेचर आले. दोन लाकडी दांडे, मध्ये कॅनव्हास. लांबी 7 फूट 9 इंच. याचाच एक प्रकार असा, की त्याच्या मुठी दांड्यांखाली आत सरकत आणि लांबी 6 फुटांवर येई. तो कशासाठी? अरुंद जागेसाठी आणि वळणाच्या जिन्यासाठी. म्हणजे करोल बागेचे दुखणे त्या माणसांना ठाऊक होते.

दुसरी गोष्ट पहिल्या महायुद्धातली. मांडीचे हाड गोळीने फुटले, की जखमी वाटेतच दगावे. हाडाची टोके हलत, रक्त वाहे, धक्क्यानेच जीव जाई. लिव्हरपूलचे ह्यू ओवेन थॉमस यांनी एकोणिसाव्या शतकात बनवलेली लोखंडी चौकट या कामी आली. पाय ताणून तिच्यात बांधायचा. शिवाय स्ट्रेचरच्या पायथ्याशी एक आडवी लोखंडी पट्टी बसवत आणि चौकटीचे टोक तिला टांगत, म्हणजे वाटेत पाय हिसकत नसे. 1917 च्या आरासच्या लढाईत अशा हजारभर जखमींमध्ये मृत्यूचे प्रमाण सोळा टक्क्यांच्या आसपास उतरले. त्याआधी निम्मे किंवा त्याहूनही अधिक जात, असे तेव्हाचे अंदाज आहेत.

पण मंडळी, माझ्या मते खरी हुशारी लोखंडात नव्हती. स्ट्रेचर वाहणाऱ्यांना ही चौकट बांधण्याची कवायत डोळ्यांवर पट्टी बांधून शिकवली जाई. कारण खंदकात रात्री दिवा लावता येत नाही. जी वस्तू डोळे मिटून बसवता येत नाही, ती आघाडीवर उपयोगाची नाही, हे त्यांनी आधीच ठरवले होते.

आणि वाहणारे तरी कोण? आपल्या पायदळात युद्धकाळी बँडवाले स्ट्रेचर उचलतात. बोअर युद्धात गांधीजींच्या पथकात सुमारे 1,100 हिंदी माणसे होती. त्यांतले बहुतेक गिरमिटिये मजूर. जखमींना घेऊन ती दिवसाला वीस-पंचवीस मैल चालली. रुग्णालयातही तेच. खाट वर-खाली करतो तो रात्रपाळीचा वॉर्डबॉय किंवा उशाशी बसलेली बायको. खाटेला सरकणारे कठडे, लांब होणारा पायथा, वर जाणारी दांडी, सगळे काही असते. पण ते सरकवायचे कसे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

म्हणून अशा वस्तू बनवणाऱ्या तरुणांना माझे एवढेच सांगणे. दांडी एका हाताने वर जावी आणि ठरलेल्या खाचेत ‘खट्’ आवाज करून बसावी. हात काढला तरी खाली येऊ नये. सुटा भाग नको. असलाच तर साखळीने बांधा, कारण तो हरवणारच. आणि विकण्याआधी डोळ्यांवर पट्टी बांधून स्वतः वापरून बघा.

दाजी आता काठी घेऊन चालतात, पण जिना उतरायचे नाव काढत नाहीत. परवा मी टेप घेऊन त्या जिन्याचे वळण मोजले. 6 फुटांचे ते जुने स्ट्रेचर तिथून आरामात वळले असते.

भेटू पुढच्या भागात.