हार्टमन शस्त्रक्रिया

मोठ्या आतड्याचा शेवटाकडचा, सिग्मॉइड नावाचा वळणदार भाग कापून काढणे, खाली उरलेल्या गुदाशयाचे वरचे तोंड शिवून बंद करणे आणि आतड्याचे वरचे टोक पोटाच्या डाव्या बाजूला त्वचेबाहेर आणून तेथे मलमार्ग करणे, अशी शस्त्रक्रिया. या मलमार्गाला डॉक्टर कोलोस्टॉमी म्हणतात; घरोघरी मात्र ‘पोटावर पिशवी लावली’ असेच सांगितले जाते.

पॅरिसचे शल्यविशारद आंरी हार्टमन (१८६०–१९५२) यांनी १९२१ मध्ये कर्करोगाने आतडे तुंबलेल्या दोन रुग्णांच्या संदर्भात ही पद्धत मांडली. गुदाशयासकट सगळे काढणारी तेव्हाची मोठी शस्त्रक्रिया अनेकांना झेपत नसे. आज कर्करोगाखेरीज आतड्याला भोक पडून पोटात घाण पसरणे, किंवा सिग्मॉइडला पीळ पडून ते काळे पडणे, अशा तातडीच्या प्रसंगी हार्टमन शस्त्रक्रिया करतात. पाश्चात्त्य देशांत आतड्याच्या भिंतीवरील फुगवटे सुजून फुटल्याने ती अधिक करावी लागते. आपल्याकडे पीळ पडलेले रुग्णही बरेच असतात.

आतडे तिथल्या तिथे का जोडत नाहीत, हा नातेवाइकांचा पहिला प्रश्न असतो आणि तो रास्त आहे. पोटात पू आणि मळ, आतड्याला सूज, रक्तदाब उतरलेला, अशा अवस्थेत घातलेला जोड सुटण्याची भीती मोठी असते, आणि सुटलेला जोड जिवावर बेततो. जोडच नसेल तर तो गळणार कुठून? या पद्धतीचे सारे शहाणपण एवढेच. रुग्णाची प्रकृती स्थिर असेल, तर मात्र हल्ली अनेक शल्यविशारद जोड घालून, त्याला विसावा म्हणून लहान आतड्याचे तोंड तात्पुरते बाहेर काढतात.

हार्टमन यांनी ही योजना पुढे आतडे जोडण्याच्या हेतूने आखली नव्हती. आता रुग्णाला सहसा ‘काही महिन्यांनी जोडू’ असे सांगितले जाते. पण ती दुसरी शस्त्रक्रिया सोपी नसते: आतडी एकमेकांना चिकटलेली असतात, गुदाशयाचा आखडलेला बुंधा शोधावा लागतो. वय, हृदयविकार किंवा पुन्हा टेबलावर जाण्याची धास्ती यांमुळे कित्येकांची पिशवी कायमची राहते.

डाव्या बाजूच्या मलमार्गातून मळ बराचसा घट्ट येतो. मात्र त्या तोंडाला स्नायूंचे कडे नसल्याने तो रोखून धरता येत नाही. बंद केलेला गुदाशयही बुळबुळीत स्राव तयार करत राहतो. त्यामुळे पिशवी असूनही अधूनमधून शौचाची भावना होते आणि खालून शेंब पडतो. हे आधी सांगितले नसेल तर रुग्ण हमखास घाबरतो.