अ‍ॅल्युमिनियमचा अदृश्य पापुद्रा

अ‍ॅल्युमिनियमचा संचार आज स्वयंपाकघरातील पातेल्यापासून विमानाच्या पंखापर्यंत सर्वत्र आहे. तथापि या धातूचे दोन तुकडे एकजीव करून सांधणे ही विद्या कारागिरांस फार उशिरा वश झाली. अमेरिकेतील एखादा हौशी गृहस्थ आज आपल्या घरच्या गॅरेजमध्ये टिग वेल्डिंगचे नवे यंत्र मांडतो, तेव्हा त्याच्या दर्शनी बाजूवरील कळा व आकडे पाहून तो प्रथम गोंधळून जातो. परंतु यांतील एकही कळ निरर्थक नाही. पूर्वी कोणा ना कोणा कारागिराची वाट अडविणाऱ्या संकटाचे ते उत्तर आहे.

1886 साली अमेरिकेत चार्ल्स मार्टिन हॉल व फ्रान्समध्ये पॉल एरू यांनी, एकमेकांस ठाऊक नसताना, विजेच्या साहाय्याने अ‍ॅल्युमिनियम काढण्याची रीत शोधली. तोवर मौल्यवान गणला जाणारा धातू त्यामुळे स्वस्त झाला. स्वस्त झाला खरा, परंतु त्याचा स्वभाव मोठा विचित्र! हवेचा स्पर्श होताच त्याच्या अंगावर ऑक्साइडचा अदृश्य पापुद्रा चढतो. हा पापुद्रा धातूचे रक्षण करतो. पण सांधणाऱ्याचा तोच वैरी होय. धातू 660 अंश सेंटिग्रेडला वितळतो, तर पापुद्र्यास 2000 अंशांहून अधिक उष्णता लागते. त्यामुळे आत धातूचे पाणी झाले तरी वरचे कवच शाबूत राहते आणि दोन तुकडे एकमेकांत मिसळत नाहीत. शिवाय लोखंडाप्रमाणे लाल होऊन तो पूर्वसूचना देत नाही. वितळावयाचा तो एकाएकी वितळतो.

या पापुद्र्यावर पहिला उपाय निघाला तो क्षारांचा. क्लोराइड व फ्लोराइड यांचे मिश्रण सांध्यावर लावून वायूच्या ज्योतीने काम करीत. क्षार पापुद्रा विरघळवीत. परंतु त्यांचा अंश मागे राहिला तर तो पुढे धातूसच खाऊ लागे. सांधा धुऊन काढणे भाग असे, आणि बंद पोकळीत पाणी पोहोचणार कसे?

खरा मार्ग निराळा होता: मुळात हवेलाच दूर ठेवावयाचे. कोणाशीही संयोग न पावणारा आर्गॉन वायू 1894 साली रॅले व रॅम्झे यांनी शोधून काढला. तशाच गुणाचा हेलियम पृथ्वीवर असल्याचे रॅम्झे यांनी 1895 साली दाखविले. अशा वायूंच्या आवरणात विजेच्या आर्कने धातू सांधण्याची कल्पना हॉबर्ट व डेव्हर्स यांनी मांडली व 1930 साली त्यांस पेटंटे मिळाली. परंतु हे वायू त्या काळी फार महाग होते.

दुसऱ्या महायुद्धाने ही अडचण गौण ठरविली. कॅलिफोर्नियातील नॉर्थ्रॉप कंपनीस मॅग्नेशियमचे लढाऊ विमान बांधावयाचे होते, आणि मॅग्नेशियम तर तापताच पेट घेणारा धातू. तेथील रसेल मेरेडिथ यांनी टंगस्टनचे टोक व त्याभोवती हेलियमचा झोत अशी टॉर्च सिद्ध केली. 1942 साली तिचे पेटंट मिळाले. टंगस्टन 3400 अंशांपर्यंत टिकाव धरतो, म्हणून ते टोक सांध्यात न मिसळता केवळ आर्क धारण करते.

अ‍ॅल्युमिनियमपुढे मात्र आणखी एक पेच उभा राहिला. टंगस्टन धन टोकास जोडला तर आर्क पापुद्रा उडवून लावतो, पण उष्णतेचा मोठा भाग टंगस्टनवरच येऊन तो वितळू लागतो. ऋण टोकास जोडला तर उष्णता कामावर पडते, पण पापुद्रा जागच्या जागी राहतो. तोड निघाली ती उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाची: एका क्षणी सफाई, दुसऱ्या क्षणी उष्णता. दिशा बदलताना आर्क विझू नये म्हणून अतिवेगवान कंपनांच्या विजेची त्यास जोड देण्यात आली. पुढे हेलियमची जागा बहुधा आर्गॉनने घेतली. तो हवेपेक्षा जड असल्याने सांध्यावर निवांत पसरतो.

आता गॅरेजमधील यंत्राकडे पाहावे. प्रवाहाचा प्रकार उलटसुलट ठेवावयाचा, तो मेरेडिथ यांच्यानंतरच्या त्या पेचामुळे. सफाई व उष्णता यांचे प्रमाण ठरविणारी कळ त्याच तडजोडीची. सुमारे तीन मिलिमीटर जाडीच्या पत्र्यास सव्वाशे अ‍ॅम्पिअरच्या आसपास प्रवाह आणि मिनिटास सात ते दहा लिटर शुद्ध आर्गॉन, हे प्रारंभीचे माप. पायाखालचे पेडल प्रवाह कमी करण्यासाठी. कारण काम चालू असता सारा पत्रा तापत जातो.

मात्र यंत्र सर्व काही करीत नाही. तेलाचा ओशटपणा अ‍ॅसिटोनने पुसावा, मग केवळ अ‍ॅल्युमिनियमसाठी राखलेल्या स्टेनलेस पोलादाच्या ब्रशाने पृष्ठ घासावे. क्लोरीनयुक्त द्रावणाने ते कदापि पुसू नये. आर्कच्या किरणांनी त्याचा विषारी वायू होतो. आर्गॉन बंद खोलीत साचून प्राणवायूस हटवितो, म्हणून दार उघडे असावे. पण वाऱ्याची झुळूक सांध्यावर येऊ देऊ नये.

जी विद्या एकेकाळी विमानाच्या कारखान्यात युद्धाच्या निकडीने जन्मली, ती आज घरगुती कामाच्या टेबलावर येऊन बसली आहे. तिच्या कळा केवळ पाठ केल्या तर हाती वितळलेला पत्रा येईल. त्या कळांमागील इतिहास समजून घेतला तर सांधा बिघडला असता कोणती कळ फिरवावी, हे मनुष्यास आपोआप कळू लागेल.