तबकडीचा खरा क्रमांक

गिरगाव-दादरच्या कितीतरी घरांतल्या जुन्या तबकड्या संगणकात उतरवल्या गेल्या आणि मग चोरबाजारात पोहोचल्या. मागे उरलेल्या फाइलला नाव असते, पण गाणे कधीचे, कोठले, हे त्यावरून कळत नाही. लेबलावरचा विक्री-क्रमांक पुनर्मुद्रणात बदलू शकतो; लेबलालगत लाखेत उमटलेला मॅट्रिक्स क्रमांक मात्र त्या विशिष्ट ध्वनिमुद्रणाचाच असतो.

१९०२ साली कोलकात्यात गौहरजानने गाण्याच्या शेवटी इंग्रजीत आपले नाव उच्चारले. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात. तिथल्या कारागिरांना गायिका ओळखता यावी म्हणून ही सोय होती, असे मानले जाते. नोंद गाण्यातच घातली होती म्हणा ना!

१९९० साली मुंबईत ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ स्थापन झाली आणि अशा नोंदींचा विचार संग्राहकांत रुजू लागला. आम्हाला वाटते, घरच्या डेटाबेसमध्येही पहिला रकाना मॅट्रिक्सचा हवा. राग, ताल, नाटक मागाहून भरता येतील. एकाच नटाने तेच पद दोनदा ध्वनिमुद्रित केले असेल, तर निव्वळ ‘बालगंधर्व’ लिहिल्याने दोन्ही गाणी एकच ठरतील. क्रमांक दोन्ही बाजूंना निरनिराळा असतो; तेव्हा एका तबकडीच्या नोंदी दोन कराव्यात.