रक्तपिती, कोड आणि कुनख : जुन्या बाडांतील रोगनामांविषयीं

जुन्या घराण्यांच्या दप्तरांत हिशेबाच्या कागदांसोबत औषधांचीं बाडें पुष्कळदां आढळतात. संग्राहक त्यांस दुय्यम लेखतात. आणि जे वाचतात तेहि रोगनामें संस्कृत कोशाच्या आधारें लावून मोकळे होतात. त्वचा, केश व नख यांच्या विकारांपुरतें तरी असें करणें धोक्याचें आहे, हें दाखविणें हा प्रस्तुत टिपणाचा हेतु.

प्रथम ग्रंथांतील व्यवस्था पाहूं. चरक व सुश्रुत दोघेहि कुष्ठाचे १८ प्रकार मानतात : ७ महाकुष्ठें व ११ क्षुद्रकुष्ठें. परंतु चरक सिध्म महाकुष्ठांत व दद्रू क्षुद्रांत घालतो. सुश्रुताची गणना नेमकी उलट आहे, आणि वाग्भट या बाबतींत सुश्रुतास अनुसरतो. बाडाचा लेखक कोणत्या परंपरेंतील, हें ताडण्यास ही खूण उपयोगीं पडते. इंद्रलुप्त, दारुणक, चिप्प, कुनख हे केशनखांचे विकार सुश्रुतानें क्षुद्ररोगांत सांगितले आहेत.

मराठींत यांपैकीं कांहीं नांवें झिजून उतरलीं : व्यंगाचें वांग, चर्मकीलाची चामखीळ, तिलकालकाचा तीळ. कांहींच्या जागीं निराळेच शब्द आले : इंद्रलुप्तास चाई, दद्रूस गजकर्ण, चिप्पास नखुरडें, कदरास कुरूप. अलस हा पायांच्या बोटांतील विकार दूषित चिखलाच्या स्पर्शानें होतो असें सुश्रुत म्हणतो. मराठीनें शब्द टाकला, पण कारण राखलें, आणि त्यास चिखल्या म्हटलें.

खरा घोटाळा पुढेंच आहे. वैद्यकांत रक्तपित्त म्हणजे नाक, तोंड इत्यादि मार्गांनीं रक्त वाहणें. मराठींत रक्तपिती म्हणजे महारोग. पाठांत घोळणा फुटणें व अडुळसा असेल तर पहिला अर्थ घ्यावा. बधिर चट्टे व झडणारीं बोटें असतील तर दुसरा. कोड हा शब्द कुष्ठापासून आला, पण त्याचा अर्थ श्वित्र. श्वित्र त्वचेपुरतें असतें व स्रवत नाहीं, हा भेद सुश्रुतानेंच केला आहे. तें संसर्गजन्य नाहीं हें आज निश्चित आहे. महारोगाचा जंतु हॅन्सेननें १८७३ मध्यें दाखविला. १९०१ च्या खानेसुमारींतहि कोड असलेल्यांस महारोग्यांत धरूं नये अशी गणकांस सूचना होती.

ही केवळ शब्दचर्चा नव्हे. मनुस्मृतींत श्वित्री व कुनखी दोघेहि श्राद्धाच्या पंक्तीस वर्ज्य आहेत, आणि कुनख हें सुवर्णचौर्याचें फळ मानलें आहे. महारोग्यांस अडकवून ठेवण्याची मुभा देणारा १८९८ चा कायदा २०१६ पर्यंत रद्द झाला नव्हता. अशा स्थितींत जुन्या कागदांतील ‘कोड’ याचें भाषांतर ‘महारोग’ असें करणारा संशोधक एका निर्दोष माणसावर व त्याच्या कुळावर मृत्यूनंतरहि डाग लावतो.

म्हणून संग्राहकांस विनंति अशी कीं, रोगनामें शुद्ध करण्यापूर्वीं जशींच्या तशीं उतरून घ्यावींत, आणि शेजारीं लक्षण व औषध नोंदवावें. नामपुरासारख्या मोसमकांठच्या गांवांत अहिराणी बोलणाऱ्या वृद्ध स्त्रियांसहि हीं नांवें विचारावींत. बाडें टिकतील, हे बोल टिकतीलच असें नाहीं.