आवाजाचा हमाल

मिरजेच्या तंतुवाद्ये करणाऱ्या कारागिराला तंबोऱ्याविषयी विचारा. तो तारांवर फारसे बोलणार नाही. तो बोलेल भोपळ्यावर. पंढरपूरकडच्या शिवारातून आलेला भोपळा किती वाळला आहे, त्याची पाठ किती जाड आहे, बोटाने टिचकी मारली तर आतून काय उत्तर येते, ह्या विषयावर त्याचे बोलणे संपता संपत नाही. आणि ते योग्यच आहे. तार नुसती कापते. ते कंपन आपल्या कानापर्यंत पोहोचवण्याचे, आणि पोहोचवता पोहोचवता त्याला रंग देण्याचे काम भोपळ्याकडे असते.

विजेच्या गिटारला भोपळा नसतो. बहुधा तिचे अंग म्हणजे एक भरीव लाकडी फळी. तिचा भोपळा तिच्यापासून दहा हात लांब, वायरीच्या दुसऱ्या टोकाला, एका खोक्यात बसलेला असतो. त्या खोक्यातल्या यंत्राला इंग्रजीत ॲम्प्लिफायर म्हणतात. आपण ध्वनिवर्धक म्हणतो, आणि तेथेच आपली पहिली फसगत होते. नावावरून वाटावे की हा बिचारा आवाज नुसता वाढवतो. गिटारच्या बाबतीत कित्येक दशके तो केवळ वाढवत नव्हता, स्वतःही गात होता. हा गाणारा यंत्रपुरुष आमच्या डोळ्यांदेखत हमाल कसा झाला, आणि वादक आज तो हमाल कसा पारखून घेतात, ही हकीकत सांगण्याजोगी आहे.

गिटारला आवाज अपुरा पडू लागला तो अमेरिकेतल्या नाचघरांत. ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि ढोल ह्यांच्या ताफ्यात गिटारवाल्याने कितीही जोराने तारा छेडल्या तरी पहिल्या रांगेपलीकडे कोणाला त्याचा पत्ता लागत नसे. लॉस एंजेलिसमध्ये जॉर्ज बीचम नावाचा, हवाईयन गिटार वाजवणारा एक खटपट्या गृहस्थ होता. त्याने तारांजवळ लोहचुंबक आणि तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे बसवले. चुंबकाजवळ पोलादी तार कापली की वेटोळ्यात क्षीण वीज उत्पन्न होते, एवढेच त्यातले तत्त्व. ॲडॉल्फ रिकनबॅकर ह्याच्या कारखान्यातून १९३२ साली ही गिटार बाजारात आली. ओतीव ॲल्युमिनियमचे वाटोळे अंग आणि लांब मान पाहून लोकांनी तिचे नाव ठेवले 'फ्राइंग पॅन'. आपल्याकडे असती तर 'दांड्याचा तवा' म्हणून ओळखली गेली असती.

ही क्षीण वीज स्पीकरचा कागदी पडदा हलवू शकत नाही. त्यासाठी हाताशी होता तो व्हॉल्व्ह. ली डी फॉरेस्ट ह्या अमेरिकन संशोधकाने १९०६ साली काचेच्या निर्वात नळीत तापलेली तार आणि धातूची पट्टी ह्यांच्यामध्ये एक जाळी बसवली होती. शेतकऱ्याला ही युक्ती समजावून सांगावी लागणार नाही. पाटाला पाणी धो धो वाहत असते. दारावर बसलेले पोर एका हाताने फळी वरखाली करते, आणि त्या इवल्या हालचालीप्रमाणे सारा पाट कमीजास्त होतो. गिटारची क्षीण वीज म्हणजे ते पोर, आणि भिंतीतल्या प्लगमधून येणारी वीज म्हणजे पाट.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या लिओ फेंडरने ह्याच विद्येवर आपले कारखाने उभे केले. त्याचा 'बासमन' हा १९५२ साली निघाला. पुढे दहा वर्षांनी, १९६२ साली, लंडनच्या पश्चिम भागात ढोलांचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शलच्या मंडळींनी त्या बासमनच्याच आराखड्यावरून आपला पहिला ॲम्प्लिफायर बांधला. नक्कलच ती, पण सुटे भाग इंग्लंडात मिळतील ते घातले, स्पीकर वेगळे घातले, आणि आवाज निराळाच निघाला. एकाच बियाण्याला दुसरी माती मिळाल्यासारखे झाले.

आता खरी मौज पुढे आहे. इंजिनिअर मंडळींच्या दृष्टीने ॲम्प्लिफायरने आत आले तेच मोठे करून बाहेर सोडावे. ताकदीबाहेर काम पडले की त्याचा आवाज फाटतो, आणि तो दोष समजायचा. परंतु व्हॉल्व्हचा आवाज फाटतो तो एकदम नव्हे. लाटेचे शेंडे तो छाटतो, पण कोपरे गोल ठेवतो. सूर भरदार होतो, लांबतो, थोडासा खरखरतो. तरुण वादकांना नेमके हेच आवडले. लंडनच्या डेव्ह डेव्हिसने १९६४ साली आपल्या लहानग्या ॲम्प्लिफायरच्या स्पीकरचा कागद दाढीच्या ब्लेडने चिरला, तो ह्याच हव्यासाने. आणि १९६६ च्या जुलैत एरिक क्लॅप्टनची एक ध्वनिमुद्रिका निघाली. तीत त्याने मार्शलचा ॲम्प्लिफायर स्टुडिओतही रंगमंचावर वाजवावा तेवढ्या मोठ्याने वाजवला. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांची काय अवस्था झाली असेल, देव जाणे! पण त्या दिवसापासून व्हॉल्व्हचे फाटणे हा दोष राहिला नाही. तो गिटारचा आवाज झाला.

ह्याच १९६६ साली फेंडर कंपनीने मोठा गाजावाजा करून ट्रान्झिस्टरचे ॲम्प्लिफायर बाजारात आणले. दैवगती म्हणतात ती हीच.

ट्रान्झिस्टर म्हटले की महाराष्ट्रातल्या एका पिढीला बैलगाडीत खुंटीला टांगलेला रेडिओच आठवतो. वस्तूला भागाचे नाव पडले. मूळचा ट्रान्झिस्टर म्हणजे अर्धवाहकाचा एक कण. बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत डिसेंबर १९४७ मध्ये तो प्रथम चालला, आणि बार्डीन, ब्रॅटन व शॉकली ह्या तिघांना १९५६ साली त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. तो तापायला वेळ घेत नाही, काचेसारखा फुटत नाही, वर्षा-दोन वर्षांनी बदलावा लागत नाही. कागदावर पाहिले तर व्हॉल्व्हने त्याच्यापुढे उभे राहण्याचे कारण नव्हते. लिओ फेंडरने आपली कंपनी जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस ह्या नभोवाणीसंस्थेला एक कोटी तीस लाख डॉलरला विकलेली होती, आणि नव्या मालकांना नवे काही दाखवायचे होते.

ते साफ फसले. काही वर्षांतच तो माल बंद करावा लागला. त्याची कारणे दोन. एक अगदी व्यवहारातले: व्हॉल्व्हचे यंत्र स्पीकर न जोडता जोराने चालवले तर जळण्याची भीती, ट्रान्झिस्टरचे नेमके उलटे. त्याला स्पीकर नसला तरी चालते, पण स्पीकरच्या वायरीची दोन टोके एकमेकांना लागली की त्या काळातल्या ट्रान्झिस्टरचा तत्क्षणी कोळसा होई. रंगमंचावर वायरी पायाखाली येतात, ओढल्या जातात, अर्धवट निसटतात. तेथे हे कसे निभावे? दुसरे कारण कानाचे. ट्रान्झिस्टर आपल्या मर्यादेपर्यंत अगदी स्वच्छ चालतो, आणि मर्यादा आली की लाट सुरीने कापल्यासारखी सपाट कापतो. तो आवाज कर्कश लागतो. ज्या वर्षी वादकांनी फाटण्यात सौंदर्य शोधले, त्याच वर्षी त्यांच्या हाती वाईट फाटणारे यंत्र देण्यात आले. त्याची बदनामी पुढे पिढ्यान्पिढ्या टिकली, आणि माझ्या मते ती थोडी अन्यायाचीच होती. रोलंड ह्या जपानी कंपनीने १९७५ साली 'जाझ कोरस' काढला, तो पुरता ट्रान्झिस्टरचा. साठ-साठ वॉटचे दोन विभाग, बारा इंची दोन स्पीकर. त्याने व्हॉल्व्हचे सोंग मुळीच आणले नाही. निर्मळ आवाज हाच त्याचा बाणा. वादकांनी तो दशकानुदशके डोक्यावर घेतला.

पण गाणारा ॲम्प्लिफायर खऱ्या अर्थाने पदच्युत झाला तो संगणकामुळे. रोलंडचे १९९५ चे यंत्र, 'लाइन सिक्स' कंपनीची १९९८ ची मूत्रपिंडाच्या आकाराची तांबडी 'पॉड', २००६ चा 'ॲक्स-एफएक्स', २०११ चा जर्मन 'केम्पर', अशी ही परंपरा आहे. जुन्या व्हॉल्व्ह-यंत्राची वागणूक गणिताने मांडायची, आणि गिटारची वीज आकड्यांत बदलून त्या गणितातून काढायची, ही त्यातली कल्पना. केम्पर तर खऱ्या यंत्राला ठराविक आवाज ऐकवतो, त्याची उत्तरे नोंदवतो आणि त्याचा ठसा उचलतो. स्पीकरचे लाकडी खोके, त्यापुढे ठेवलेला मायक्रोफोन, ह्यांचीही नक्कल आत असते. एका हातात मावेल एवढ्या पेटीत शंभर ॲम्प्लिफायर! बहुरूप्याला लाजवील असा हा प्रकार.

ह्या बहुरूप्याची अडचण एवढीच की त्याला छाती नाही. त्याच्यातून निघते ती पुन्हा क्षीण वीज. घरी कानाला हेडफोन लावला तर ती पुरते. सभागृहात ढोलांशेजारी उभे राहायचे तर कोणीतरी ओझे उचलले पाहिजे. येथे आमचा ट्रान्झिस्टर पुन्हा रंगमंचावर येतो, आणि ह्या वेळी त्याच्याकडे मागणे आहे ते फक्त हमालीचे. रंग आधीच भरून झालेला आहे. व्हॉल्व्हच्या नकलेपुढे पुन्हा खरा व्हॉल्व्ह जोडला तर रंगावर रंग चढतो, साखरभातावर पाक ओतल्यासारखे होते. ज्या कोरडेपणाबद्दल त्याला १९६६ साली हाकलले, तोच कोरडेपणा आता त्याची लायकी ठरला आहे.

हमाल पारखण्याचेही शास्त्र आहे. पहिला प्रश्न वॉटचा. पन्नास वॉटचा व्हॉल्व्ह दांडगा वाटतो, कारण मर्यादा ओलांडूनही तो गोड राहतो आणि वादक त्याला बिनदिक्कत ओलांडू देतो. ट्रान्झिस्टरला मर्यादेपर्यंत जाऊच द्यायचे नसते. म्हणून ताकद हातची राखून घ्यावी लागते, दुप्पट किंवा त्याहून अधिक. त्यातही कानाचा हिशेब कंजूष आहे: वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त तीन डेसिबलने वाढतो, आणि ऐकणाऱ्याला आवाज दुप्पट वाटावा असे हवे असेल तर वॉट सुमारे दसपट लागतात. म्हणजे शंभराऐवजी एकशेवीस वॉटसाठी जादा पैसे मोजणे म्हणजे निव्वळ पाटीवरच्या आकड्याला भुलणे.

आकड्याची दुसरी लबाडी ओहमची. स्पीकर विजेला जो विरोध करतो तो ओहममध्ये मोजतात. व्हॉल्व्हच्या यंत्रात शेवटी एक जड ट्रान्सफॉर्मर असतो. त्याचे बटण चार, आठ किंवा सोळा ओहमवर फिरवले की ताकद बहुतेक तीच राहते. ट्रान्झिस्टरच्या यंत्राला ती सोय बहुधा नसते. पेटीवर २०० वॉट लिहिलेले असतात ते सहसा चार ओहमचे; आठ ओहमचा स्पीकर जोडा, सुमारे १०० उरतात; सोळा ओहमचा जोडा, ५० च्या आसपास. उलट, यंत्राला झेपतो त्याहून कमी ओहमचा स्पीकर जोडला तर यंत्रच धोक्यात. दोन विभाग एकत्र जुंपून एक करण्याची सोय काहींत असते. तेव्हा चालणारा किमान ओहमही दुप्पट धरावा लागतो, आणि स्पीकरच्या दोन्ही तारांत वीज खेळत असल्याने त्यांतली एकही दुसऱ्या यंत्राच्या अर्थिंगला लागू द्यायची नसते.

तिसरी गोष्ट नाजूक आहे, आणि तक्रारी मुख्यतः तिच्याच. आठ ओहमचा स्पीकर प्रत्येक सुराला आठच ओहम नसतो. खर्जात, त्याच्या पडद्याच्या स्वतःच्या कंपनसंख्येपाशी, त्याचा विरोध कितीतरी पट चढतो. तारस्वरातही हळूहळू चढत जातो. व्हॉल्व्हचे यंत्र ह्या चढउताराबरोबर वाकते, त्यामुळे खर्ज घुमतो आणि वरचे सूर चमकतात. ट्रान्झिस्टर ताठ राहतो. जुन्या खोक्यावर नवी पेटी वाजवणारा माणूस म्हणतो, 'आवाज आहे, पण जीव नाही', तो ह्या ताठपणामुळे. उपाय आहे. त्या वाकण्याची नक्कलही बहुरूप्याच्या पेटीत असते, ती चालू ठेवावी. काही हमाल-यंत्रांवर खर्ज आणि तारस्वर उचलण्याच्या खुंट्याही दिलेल्या असतात. मात्र खोक्याची आणि मायक्रोफोनची नक्कल तेवढी बंद करायची. ती चालू राहिली तर खोक्यातून खोक्याचे चित्र ऐकू येते, घोंगडी पांघरलेल्या माणसाने बोलावे तसे. खोक्याऐवजी सर्व सूर सारखेच वाजवणारा मोठा स्पीकर वापरणारे वादक ही नक्कल ठेवतात; त्यांचा मार्ग वेगळा.

आणि पारख करायची ती रंगमंचावरच्या मोठ्या आवाजातच. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन ह्यांनी १९३३ सालीच दाखवून दिले होते की हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज आणि अतितार कमी ऐकू येतात. रात्री घरच्यांची झोपमोड न करता मनाजोगता लावलेला सूर उद्या सभागृहात घुमू लागतो आणि टोचू लागतो, त्यात बिचाऱ्या यंत्राचा काही अपराध नसतो.

वजनाचे मी शेवटी सांगतो, पण वादकाच्या पाठीला विचाराल तर ते पहिले आहे. फेंडरचा प्रसिद्ध 'ट्विन रिव्हर्ब', १९६३ चा, तीस किलोच्या आसपास भरतो, म्हणजे तांदळाचे भरले पोतेच. नवे हमाल 'डी वर्गा'चे असतात. त्यांतले ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद, असे सेकंदाला काही लाख वेळा उघडझाप करतात. अधलीमधली स्थिती नसल्याने उष्णतेत वीज वाया जात नाही, आणि लोखंड-ॲल्युमिनियमचे मोठे ओझे लागत नाही. दोनशे वॉटचे यंत्र दीडदोन किलोत बसते आणि पिशवीतून जाते.

खोके मात्र जुनेच राहिले आहे. चार बारा-इंची स्पीकरांचे, मार्शलच्या घडणीचे लाकडी खोके आजही रंगमंचावर उभे दिसते. तो छोटा हमाल जोडण्यापूर्वी शहाणा वादक खोके फिरवून त्याची पाठ वाचतो. प्रत्येकी पंचवीस वॉटचे चार स्पीकर असतील तर सारे मिळून शंभर वॉटच सोसणार, आणि ओहमच्या जागी बहुतेक वेळा व्हॉल्व्हच्या जमान्यातला तो आकडा असतो: १६.