उजळाईवाडीचा वारा

छत्रपती राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत, १९३९ साली, कोल्हापूरजवळ उजळाईवाडीला विमानतळ सुरू झाला. त्या काळची छोटी विमाने बहुधा शेपटीला चाक असलेली. त्यांचा गुरुत्वमध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. त्यामुळे टेकताना आडव्या वाऱ्याने नाक जरा तिरके झाले की शेपूट पुढे यायला धडपडते आणि विमान गर्रकन फिरते. दोष वैमानिकाचा, असे म्हणणे सोपे आहे. पण जगभरच्या जुन्या गवताळ मैदानांवर वाऱ्याकडे तोंड करून कुठूनही उतरता येई. पक्क्या धावपट्टीने ती मुभा काढून घेतली. म्हणजे आडव्या वाऱ्याची अडचण थोडी माणसानेच घडवलेली!

आज इथल्या धावपट्टीची टोके ०७ आणि २५ आहेत. २५ म्हणजे सुमारे २५० अंश, साधारण नैर्ऋत्य-पश्चिम. पावसाळी वारा बहुतेक तिकडूनच येतो. मग धोका उरला कुठे? वारा ३० अंशांनी कलला तरी २० नॉटांपैकी १० नॉट आडवे लागतात. शिवाय पुढे चाक असलेले विमान स्वभावाने सरळ धावत असले, तरी झोत मध्येच ओसरला की पंखांची उचल घटते, आणि तेव्हा जमीन अवघ्या काही फुटांवर असते.